कला-वाणिज्यच्या मुलांना ‘संख्यात्मक विचार’: ३० तासांत काय शिकवावं, काय गाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला दोन क्रेडिटचा ‘संख्यात्मक विचार’ हा ओपन इलेक्टिव्ह सुरू होतोय. वर्गात कला आणि वाणिज्य शाखेची ऐंशीएक मुलं आहेत, बहुतेकांचं गणित दहावीनंतर सुटलेलं. तास ३०. गणित विभागाने केलेल्या मसुद्यात संच, ट्रुथ टेबल, निश्चयक, परम्युटेशन-कॉम्बिनेशन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन असे पाच घटक आहेत. हे योग्य आहे का, नसेल तर काय शिकवावं आणि परीक्षा कशी घ्यावी?

मसुदा बदला, आणि मुळापासून बदला. या पाचही घटकांवर प्रश्नपत्रिका काढणं सोपं जातं, म्हणून ते बहुतेक मसुद्यांत येतात. पण हे सगळे पुढच्या कुठल्यातरी गणिताच्या पायऱ्या आहेत, आणि ते पुढचं गणित ही मुलं कधीच शिकणार नाहीत. दोन बाय दोनचा निश्चयक सोडवता येणारी मुलगी घरच्या कर्जाचा कागद वाचू शकत नसेल, तर तिचे ३० तास वाया गेले.

दुसरा मोह स्पर्धा परीक्षेचा. मुलंच म्हणतात, ‘सर, ॲप्टिट्यूड घ्या ना, एमपीएससीला उपयोग होईल.’ पूर्वपरीक्षेतला ॲप्टिट्यूडचा पेपर, म्हणजे सी-सॅट, पात्रतेपुरता, ३३ टक्क्यांचा असला तरी त्याची धास्ती खरी आहे, त्यामुळे ही मागणी झटकून टाकू नका. तरीही रेल्वे-बोगदा आणि नळ-टाकीच्या शॉर्टकटांत हा कोर्स घालवू नका. तिथे कशाला कशाने भागायचं हे उदाहरण बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, आपण फक्त वेगाने भागायचं. इथे नेमकं तेच ठरवायला शिकायचं आहे. हे जमलं की डेटा इंटरप्रिटेशनचे प्रश्न आपोआप सोपे जातात. उलट्या बाजूने तसं होत नाही.

सगळ्या कोर्सचा कणा एकच ठेवा: छेद. ‘टक्के म्हणजे कशाचे टक्के?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडी बसला पाहिजे. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात उजनी धरण घ्या.

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतं, ‘उजनी उणे २० टक्क्यांवर’. मुलांना विचारा, पाणी उणे कसं असेल? धरणात खड्डा पडला का? मग फळ्यावर तीन आकडे लिहा. एकूण साठवण क्षमता सुमारे ११७.२३ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यापैकी मृतसाठा (तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी) ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. धरणाची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. म्हणजे छेद ५३.५७, आणि शून्य टक्के म्हणजे मृतसाठा काठोकाठ. मृतसाठ्यातलं पाणी वापरात आलं की टक्केवारी उणे होते. उणे २० टक्के म्हणजे ५३.५७ च्या २० टक्के, म्हणजे १०.७१ टीएमसी, मृतसाठ्यातून कमी झालं. उरलं ५२.९५ टीएमसी. आता छेद बदला: ५२.९५ भागिले ११७.२३, म्हणजे सुमारे ४५ टक्के. त्याच धरणात, त्याच दिवशी, तेच पाणी ‘उणे २०’ही आहे आणि ‘४५ टक्के’ही आहे. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. पावसाळ्यात ‘उजनी १११ टक्के’ अशी बातमी येते तिचाही उलगडा याच छेदातून होतो. एका तासात हे नीट झालं, तर मुलांना या विषयाचं काम काय आहे ते कळतं, आणि तुम्हाला कुठलीही व्याख्या द्यावी लागत नाही.

तासांची वाटणी साधारण अशी करावी: मोठ्या संख्या, एककं आणि अंदाज यांना ६ तास, टक्के, पट आणि छेद यांना ८, कर्ज, व्याज, महागाई यांना ७, सरासरी, आलेख आणि नमुना यांना ६, शक्यता ३. शक्यतेला कमी दिलं आहे याची खंत नको. टक्के कच्चे असताना शक्यता शिकवली तर ती सूत्रपाठ होते.

पहिल्या तासाला बिनगुणांची, बिननावाची पंधरा मिनिटांची चाचणी घ्या. प्रश्न पाच-सहाच, पण चूक कुठून येते ते दाखवणारे. ०.५ मोठा की ०.४५? ‘४५ मोठे म्हणून ०.४५’ असं लिहिणारी मुलं पदवीच्या वर्गातही असतात. त्यांचा दशांश चिन्हाचा अर्थ पाचवी-सहावीपासून निसटलेला असतो. तीन कोटी पाच लाख अंकांत लिहा. इथे ३,५०,००,००० हमखास दिसतं. २० टक्के वाढून वस्तू ६०० रुपयांना झाली, आधी किती होती? ४८० लिहिणाऱ्याने ६०० चे २० टक्के काढले, म्हणजे छेद चुकला. १५० टक्के वाढ म्हणजे किती पट? एक लाखावर महिना शेकडा ३ व्याज म्हणजे वर्षाचे किती टक्के? चाचणी तपासून गुण मोजू नका, चुकांचे गठ्ठे लावा. दशांशाची चूक असलेल्यांना वेगळा अर्धा तास लागतो, छेदाच्या चुकीचा इलाज कोर्सभर चालतो. या दोन गोष्टी एकत्र करून ‘मुलांचा बेसिक कच्चा आहे’ म्हटलं की पुढे कुणालाच काही करता येत नाही.

मोठ्या संख्यांचा घटक सोपा समजून उरकू नका. कोटी, अब्ज, मिलियन, बिलियन यांत मुलं पार हरवतात, कारण अर्थशास्त्राचं पुस्तक एका पद्धतीत आणि बातमी दुसऱ्या पद्धतीत असते. दोन दुवे पाठच करून घ्या: १० लाख म्हणजे १ मिलियन, आणि १ लाख कोटी म्हणजे १ ट्रिलियन. बाकीचं यातून निघतं. स्वल्पविराम कुठे पडतात ते दोन्ही पद्धतींनी लिहून घ्या, विशेषतः सेमी-इंग्रजीतून आलेल्यांकडून.

मग शून्यं न लिहिता भागाकार शिकवा. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा. लोकसंख्या अदमासे साडेबारा कोटी धरा. दरडोई किती? मुलं बारा शून्यं लिहायला बसतात आणि एखादं गाळतात. त्याऐवजी ७,००,००० कोटी भागिले १२.५ कोटी असं मांडा. ‘कोटी’ला ‘कोटी’ कटलं, उरलं ७,००,००० भागिले १२.५, म्हणजे ५६,०००. माणशी वर्षाला छप्पन हजार. आता ‘अमुक योजनेला १०० कोटी’ या बातमीचं माप काढायला सांगा: माणशी आठ रुपये. आकडा मोठा आहे की लहान हे तो कशाशेजारी ठेवला यावर ठरतं, हे मुलांना इथे हाताने कळतं.

एककांसाठी पाण्याइतका चांगला विषय नाही. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर. कॉलेजच्या इमारतीचं छत ५०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर, तर छतावर ३ लाख लिटर पडलं. वीस टक्के गळती-बाष्पीभवनात सोडा, राहिले २ लाख ४० हजार. दहा हजार लिटरचे २४ टँकर. छत मुलांनी पावलांनी मोजावं, पाऊस आपल्या तालुक्याचा घ्यावा. पुढचं उदाहरण वरच्या टीएमसीचं. १ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं ठरलेलं माप माणशी रोज १३५ लिटर, म्हणजे वर्षाला ४९,२७५. भागाकार येतो पावणेसहा लाख. गळती सोडली तर एक टीएमसी पावणेसहा लाख लोकांना वर्षभर पुरतं. यानंतर धरणाची बातमी मुलं वेगळ्या नजरेने वाचतात.

प्रत्येक हिशेबाला ताळा सक्तीचा करा. ताळा म्हणजे तोच हिशेब कॅल्क्युलेटरवर पुन्हा करणं नव्हे. आकडे ढोबळ करून तोंडी अंदाज काढायचा आणि उत्तर त्याच्या आसपास आहे का ते पाहायचं. ४९,२७५ चे ५०,००० करा, २,८३२ कोटींचे ३,००० कोटी करा. उत्तर सहा लाखांच्या जवळ हवं. कुणाचं ५७ हजार आलं असेल तर एक शून्य सांडलंय. कॅल्क्युलेटर पहिल्या दिवसापासून वापरू द्या. हातचे घेऊन भागाकार करणं हे या कोर्सचं काम नाही. उत्तर पटण्यासारखं आहे का हे बघणं आहे.

टक्क्यांचा घटक सूत्रांनी नको, पटीने शिकवा. वाढ किंवा घट झाली की ‘किती पट झालं’ हे आधी लिहायचं. २५ टक्के वाढ म्हणजे सव्वापट, ५० म्हणजे दीडपट, ७५ म्हणजे पावणेदोनपट, १०० म्हणजे दुप्पट, १५० म्हणजे अडीचपट. घरात सव्वा-दीड-अडीच रोज कानावर पडतात, त्यामुळे मुलांना हे चटकन जमतं, आणि ‘१५० टक्के वाढ म्हणजे दीडपट’ ही जुनी चूक इथेच संपते. १८ टक्के वाढ म्हणजे १.१८ पट, १० टक्के घट म्हणजे ०.९ पट. लागोपाठचे बदल गुणायचे. ‘५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ म्हणजे ०.५ गुणिले ०.८, म्हणजे ०.४, सूट ७० नाही, ६० टक्के. दहा टक्के पगारकपात आणि मग दहा टक्के वाढ म्हणजे ०.९ गुणिले १.१, म्हणजे ०.९९.

उलट जाणं हा खरा कस. बिलात जीएसटी धरून १,१८० रुपये आहेत, दर १८ टक्के. मूळ किंमत किती? १,१८० चे १८ टक्के म्हणजे २१२.४० वजा करून ९६७.६० लिहिणारे अर्धे-अधिक निघतील. त्यांना रागावू नका, ताळा करायला लावा: ९६७.६० वर १८ टक्के चढवा, १,१८० येतात का? येत नाहीत. मग पट आठवते: मूळ किंमतीची १.१८ पट झाली, तर भागायचं. १,०००. हा एक प्रश्न निरनिराळ्या वेषात कोर्सभर पुन्हा पुन्हा यावा.

टक्के आणि टक्केबिंदू यांतला फरक शिकवायला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो ६.५० वरून ६.२५ केला. घट पाव टक्केबिंदूची, म्हणजे २५ बेसिस पॉइंटची. पण आधीच्या दराच्या तुलनेत ती ३.८५ टक्क्यांची आहे. राज्यशास्त्राच्या मुलांसाठी लोकसभेचे निकाल चांगले. २०१९ मध्ये भाजपला सुमारे ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा, २०२४ मध्ये सुमारे ३६.६ टक्के मतं आणि २४० जागा. मतं घटली ०.८ टक्केबिंदूने, आणि ५४३ मधला जागांचा वाटा ५५.८ वरून ४४.२ टक्क्यांवर, म्हणजे ११.६ टक्केबिंदूने खाली. एका टक्केवारीचा छेद मतं, दुसरीचा जागा. एक सूचना: फळ्यावर आधी ‘पक्ष क’ लिहा आणि हिशेब पुरा झाल्यावरच नाव सांगा. नाहीतर वर्ग पहिल्या मिनिटाला पक्षांवर भांडायला लागतो आणि छेद बाजूला राहतो.

जनगणनेत छेदाची उदाहरणं भरपूर आहेत. साक्षरतेच्या दराचा छेद एकूण लोकसंख्या नसतो, सात वर्षं आणि त्यावरच्या वयाची लोकसंख्या असते. लिंग गुणोत्तर आपल्याकडे हजार पुरुषांमागे स्त्रिया असं देतात. २०११ मध्ये महाराष्ट्राचं ९२९. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत शंभर स्त्रियांमागे पुरुष असतात, तिथे हाच आकडा १०७.६ होतो. समाजशास्त्राची मुलं दोन तक्ते शेजारी ठेवून ‘एक चुकलाय’ म्हणतात. त्यांना एकातून दुसरा काढायला लावा.

आता पैशाचा घटक. इथे वेळेची कंजुषी करू नका, कारण याचा परिणाम मुलांच्या घरापर्यंत जातो.

सुरुवात गावातल्या भाषेतून करा. सावकाराचं ‘शेकडा ३’ म्हणजे महिन्याला ३ टक्के. सरळव्याजाने वर्षाचे ३६, आणि थकलेलं व्याज मुद्दलात चढत गेलं तर १.०३ चा बारावा घात, १.४२६, म्हणजे ४२.६ टक्के. बचत गटाचं ‘शेकडा २’ म्हणजे वर्षाला २४ टक्के, पण ते बहुधा उरलेल्या मुद्दलावर असतं. आणि दुकानातला हप्तेवाला म्हणतो, ‘फक्त १२ टक्के, फ्लॅट’. वर्गाला विचारा, कोणाचं स्वस्त? सगळे म्हणतील हप्तेवाल्याचं, अगदी निम्म्याने.

मग कोष्टक मांडा. १ लाख रुपये, दोन वर्षं, १२ टक्के फ्लॅट. व्याज वर्षाला १२ हजार, दोन वर्षांचं २४ हजार. एकूण १,२४,००० भागिले २४ हप्ते, म्हणजे हप्ता ५,१६६.६७. गोम अशी की मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करा: महिना, सुरुवातीची बाकी, या महिन्याचं व्याज, फिटलेलं मुद्दल, अखेरची बाकी. व्याजाचा मासिक दर वर एका वेगळ्या चौकटीत ठेवा आणि सगळ्या ओळी त्या चौकटीला बांधा. आता मुलांनी दर बदलत जायचं, २४ व्या महिन्याची बाकी शून्याजवळ येईपर्यंत. महिना १ टक्का घातला तर बाकी उणे बारा हजारांच्या पलीकडे जाते, म्हणजे खऱ्या १२ टक्क्यांना हा हप्ता खूपच जास्त आहे. २ टक्के घातले तर साडेतीन हजारांहून जास्त बाकी राहते. १.८ ला बाकी चाळीसेक रुपयांवर येते. म्हणजे खरा दर महिना १.८ च्या किंचित खाली, वर्षाचा सुमारे २१.६ टक्के. बचत गटाच्या २४ टक्क्यांशी तुलना आता करा: निम्मा राहू द्या, फरक जेमतेम अडीच टक्केबिंदूंचा निघाला. उरलेल्या मुद्दलावर खरोखर १२ टक्के लावले असते तर हप्ता ४,७०७ पडला असता आणि एकूण व्याज १३ हजारांच्या आत राहिलं असतं.

स्प्रेडशीटमध्ये दर काढायचं तयार सूत्र आहे, पण ते आधी देऊ नका. चोवीस ओळी खाली ओढताना व्याज महिन्यागणिक उतरताना दिसतं, ते बघणं हाच धडा आहे. सूत्र शेवटी ताळ्यासाठी दाखवा. नेहमीच्या चुका दोन. दराच्या चौकटीचा पत्ता गोठवायचा राहतो, मग दुसऱ्या ओळीपासून व्याज शून्य दिसतं. आणि वार्षिक दर १२ ने भागायचा विसरतात, मग बाकी घटायच्या ऐवजी वाढत जाते. संगणक कक्ष मिळाला नाही तर मोबाइलवरचं शीट चालतं, मात्र दोघांत एक मोबाइल ठेवा. एकाने लिहायचं, दुसऱ्याने बोलायचं.

बचतीसाठी ७२ चा ठोकताळा पुरे: ८ टक्क्यांनी पैसे ७२ भागिले ८, म्हणजे नऊ वर्षांत दुप्पट. लगेच महागाई आणा, नाहीतर चित्र खोटं पडतं. ठेवीवर ७ टक्के आणि महागाई ५ टक्के, तर खरी वाढ १.०७ भागिले १.०५, म्हणजे जेमतेम १.९ टक्के. ‘महागाई दर ६ वरून ४ वर आला’ म्हणजे किमती उतरल्या नाहीत, चढण्याचा वेग कमी झाला. हे वाक्य मुलांकडून आलं पाहिजे, तुमच्याकडून नव्हे. महागाई ज्यावरून मोजतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाद्य-पेयांचा भार, म्हणजे एकूण खर्चातला धरलेला वाटा, ४५.८६ टक्के होता. ज्या घरात ६० टक्के खर्च जेवणावर होतो, तिथे अन्न ८ टक्क्यांनी आणि बाकी ३ टक्क्यांनी महागलं तर घरची महागाई ६ टक्के; ४६ टक्के भाराने तीच ५.३. आई म्हणते ‘सरकारचा आकडा खोटा आहे’, तेव्हा पुष्कळदा फरक भाराचा असतो. मुलांनी आपापल्या घरचे भार काढून आणावेत, पण रुपये लिहू नयेत, फक्त टक्के. घरची मिळकत वर्गात उघडी पडता कामा नये.

सरासरीसाठी सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. ‘जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस’ या वाक्यावर माणच्या शेतकऱ्याने काय पेरावं? मध्यक आणि सरासरी यांतला फरक यातून शिकवा, स्टँडर्ड डेव्हिएशनचं सूत्र नको. पसरट आकडे पाहून ‘सरासरी इथे कामाची नाही’ एवढं म्हणता आलं तरी खूप झालं. इथेच सरासरी वाढीची चूकही येते: २००१ ते २०११ मध्ये देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, म्हणजे वर्षाला १.७७ नव्हे तर १.६४, कारण वाढीवर वाढ चढते.

आलेखांना दोन तास पुरेत, पण काढायला लावा, नुसते दाखवू नका. निकाल ९२ वरून ९५ टक्के झाला. एकच आलेख दोनदा काढायचा, एकदा अक्ष शून्यापासून आणि एकदा ९० पासून. दुसऱ्यात खांब दोन घरं आणि पाच घरं उंच येतात, म्हणजे निकाल अडीचपट झाल्यासारखा दिसतो. स्वतःच्या हाताने असा आलेख काढलेला मुलगा जाहिरातीतला आलेख आधी खालच्या टोकाकडून वाचतो. नमुन्यासाठी १९३६ ची अमेरिकन अध्यक्षपदाची निवडणूक अजूनही उत्तम: ‘लिटररी डायजेस्ट’कडे सुमारे २४ लाख उत्तरं आली, त्यांनी लँडन जिंकणार म्हटलं, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नमुना मोठा असण्यापेक्षा तो कोणाचा आहे हे महत्त्वाचं.

शक्यतेच्या तीन तासांत सूत्र एकही नको, माणसं मोजा. हजार माणसं, त्यांत १० जणांना आजार. चाचणी आजारी असलेल्यांपैकी ९० टक्क्यांना पकडते आणि निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. पकडले गेले ९. निरोगी ९९०, त्यांचे ५ टक्के साधारण ५०. एकूण पॉझिटिव्ह ५९, त्यांत खरे आजारी ९, म्हणजे १५ टक्के. ‘चाचणी ९० टक्के अचूक, म्हणजे मला ९० टक्के आजार’ या समजुतीत पुन्हा छेदच चुकलेला आहे: ९० चा छेद आजारी माणसं, १५ चा छेद पॉझिटिव्ह आलेली माणसं. सगळे आकडे टक्क्यांत मांडले तर हे कोणालाच कळत नाही. माणसांत मांडले की मागच्या बाकावरही कळतं.

परीक्षेविषयी. दोन क्रेडिटला बहुतेक ठिकाणी ५० गुण असतात. अंतर्गत आणि सत्रान्त यांची वाटणी तुमच्या विद्यापीठाप्रमाणे. बहुपर्यायी प्रश्न जमतील तितके कमी ठेवा. प्रत्येक मोठा प्रश्न पाच गुणांचा: मांडणीला २ (कोणता अंश, कोणता छेद, आणि का), हिशेबाला १, ताळ्याला १, आणि शेवटच्या वाक्याला १. वाक्य म्हणजे काय हे उदाहरणाने सांगा. ‘उत्तर = ४५%’ याला शून्य. ‘एकूण क्षमतेच्या मानाने धरणात ४५ टक्के पाणी आहे, पण त्यात मृतसाठा धरलेला आहे’ याला पूर्ण गुण. हिशेबाला एकच गुण हे गणिताच्या शिक्षकांना खटकतं. पण या मुलांच्या पुढच्या आयुष्यात हिशेब यंत्र करणार आहे. मांडणी आणि वाक्य त्यांनाच करावं लागेल. ही गुणवाटणी पहिल्या आठवड्यात लेखी द्या, नाहीतर मुलं सूत्रं पाठ करत राहतात. सूत्रांचा एक कागद प्रश्नपत्रिकेसोबतच छापा.

अंतर्गत गुणांसाठी कात्रणांची वही ठेवा. दर आठवड्याला वर्तमानपत्रातला एक आकडा कापून चिकटवायचा आणि खाली चार ओळी: हा आकडा कशाचा, किती पैकी, कधीचा, कोणी मोजला. चौथी ओळ बहुतेक वेळा रिकामी राहते, कारण बातमीत ते दिलेलंच नसतं. ‘बातमीत नाही’ असं लिहिलं तर पूर्ण गुण द्या. ऐंशी वह्या दर आठवड्याला तपासणं शक्य नाही. रोल नंबरप्रमाणे वीस-वीसचे गट पाडा, म्हणजे प्रत्येक वही महिन्यातून एकदा हाताखालून जाते. एकमेकांची कात्रणं उतरवली जातात, त्यावर उपाय सोपा: प्रत्येक गटाला वेगळा विषय द्या, एकाला पाणी, दुसऱ्याला शेती आणि बाजारभाव, तिसऱ्याला निवडणूक आणि प्रशासन, चौथ्याला क्रिकेट. क्रिकेटच्या गटाला कमी लेखू नका. धावगती, सरासरी आणि स्ट्राइक रेट यांचे छेद तीन वेगळे आहेत, आणि ते या मुलांना आधीपासून माहीत असतात.

अभ्यास मंडळात ‘हे तर शाळेचं गणित आहे’ असा आक्षेप येईलच. त्यावर वाद घालण्यापेक्षा फ्लॅट व्याजाचं उदाहरण सभेत ठेवा आणि खरा दर विचारा. मसुद्यात घटकांच्या नावांऐवजी ‘विद्यार्थी काय करू शकेल’ हे लिहा: कर्जाच्या दोन प्रस्तावांची तुलना करून लेखी शिफारस करेल, बातमीतल्या टक्केवारीचा छेद ओळखेल, आलेखातला फसवा अक्ष दुरुस्त करून पुन्हा काढेल. स्टँडर्ड डेव्हिएशन ठेवाच असा आग्रह झाला तर एक तास द्या, स्प्रेडशीटवर काढून दाखवा आणि परीक्षेत सूत्र विचारू नका.

वेळापत्रकात आठवड्याचे दोन सुटे तास घेण्यापेक्षा सलग दोन तासांचा एकच गट मागा. सुट्या तासात हिशेब होतो आणि वाक्य लिहायच्या आत घंटा होते. संगणक कक्ष आठव्या ते दहाव्या आठवड्यासाठी सत्राच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवा. त्या सुमारास वाणिज्यची प्रात्यक्षिकं लागतात आणि नंतर कक्ष मिळत नाही.